मखर आणि घर

‘इंटिरियर डिझाइन’ या शब्दप्रयोगासाठी आपण ‘अंतर्गत सजावट’ हा प्रतिशब्द रूढ केला, आणि माझ्या मते या विषयातल्या बऱ्याचशा गैरसमजांचे मूळ त्या प्रतिशब्दातच आहे. सजावट गणपतीच्या मखराची करतात, लग्नाच्या मांडवाची करतात. ती पाहण्याजोगी असावी आणि काम झाले की उतरवता यावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते. मखरात कोणी राहत नाही (ज्याला बसवतो तोही दीड दिवसाने, नाहीतर अनंत चतुर्दशीला निघून जातो). घरात मात्र राहायचे असते. तिथे कणीक मळायची असते, पावसाळ्यात ओले कपडे वाळत घालायचे असतात, आजारी माणसाला रात्री दोन वाजता हात धरून न्हाणीघरापर्यंत न्यायचे असते. डिझायनर नेमणाऱ्या माणसाला यांतले नेमके काय हवे आहे, हे बहुधा त्यालाच ठाऊक नसते.

फ्लॅटचा ताबा मिळाल्यावर कुटुंब डिझायनरकडे जाते तेव्हा सोबत काय नेते? मोबाइलमध्ये साठवलेली चित्रे. पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघराचे एक, खिडकीलगतच्या बैठकीचे एक, कुठल्याशा हॉटेलातल्या पलंगाचे एक. या चित्रांत माणसे नसतात. ओट्यावर मिक्सर नसतो, दाराशी चपलांचा ढीग नसतो, रद्दी नसते, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या गाद्या नसतात. डिझायनर व्यवसायाने चतुर असेल तर तो तीच चित्रे आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत बसवून संगणकावर हुबेहूब दाखवतो. मंडळी हरखून जातात आणि आगाऊ रकमेचा धनादेश फाडला जातो. घरात सकाळी सर्वांत आधी कोण उठते आणि उठल्यावर दिवा कुठला लावते, हा प्रश्न या सगळ्या व्यवहारात कोणी कोणाला विचारलेला नसतो.

पूर्वी हा प्रश्न विचारावा लागत नसे, कारण त्याचे उत्तर सुताराला आणि गवंड्याला ठाऊकच असे. माजघर म्हटले की काय, फडताळ कुठे, कोनाडा किती खोल, खुंटी कोणत्या उंचीवर, हे सारे सामाईक ज्ञान होते. घरमालक लाकूड आणून टाकी, सुतार फूट-इंच-सुतात मोजमाप घेई आणि दोघेही एकाच प्रकारच्या घरांत वाढलेले असल्याने फारसे बोलणे न होताही काम निभे. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. त्या न बोललेल्या गोष्टींत धुराने कोंदलेले स्वयंपाकघरही होते, आणि तिथे आयुष्य घालवणाऱ्या बाईला कोणी काही विचारले नव्हते. पण आता ते सामाईक ज्ञान उरलेले नाही. नागपूरच्या कुटुंबाचे ठाण्यातले घर बंगळुरूत शिकलेला डिझायनर आखतो आणि राजस्थानातून आलेला कारागीर बांधतो. जे पूर्वी गृहीत धरता येत होते ते आता शब्दांत सांगावे लागते. आणि स्वतःच्या दिनक्रमाचे वर्णन करण्याची सवय आपल्याला नाही.

वर्णन केले नाही तर काय होते, याची फार मार्मिक गोष्ट आडोल्फ लोस या व्हिएन्नातल्या वास्तुकाराने १९०० साली लिहून ठेवली आहे. एक सुखी, श्रीमंत गृहस्थ असतो. सगळे आहे, घरात फक्त कला नाही, असे त्याला वाटते. तो एका नामांकित वास्तुकाराला घर सोपवतो. वास्तुकार जुने सामान बाहेर काढतो आणि घरातली वस्तू न् वस्तू नव्याने आखतो. प्रत्येकीची जागा ठरलेली, आणि त्या जागा मालकाने पाठ करायच्या. पुढे वाढदिवसाला बायकामुले काही भेटवस्तू देतात. त्या कुठे ठेवाव्यात हे विचारायला तो वास्तुकाराला बोलावतो. वास्तुकार येतो आणि आधी त्याच्या पायांकडे पाहून संतापतो. सपाता त्यानेच आखलेल्या असतात, पण शयनगृहासाठी. या खोलीत त्यांचा रंग सगळा परिणाम बिघडवतो! भेटवस्तूंना तर परवानगीच नाही. घर पूर्ण झाले आहे, आता मालकाला कशाचीही गरज नाही. तो मनुष्य मग जिवंतपणीच संपल्यासारखा होतो.

या गोष्टीत लोसचा रोख त्याच्या समकालीन कलावंत-वास्तुकारांवर होता, आणि सगळे लोक हसतात ते वास्तुकाराला. मला मात्र त्या गृहस्थाचा दोष अधिक वाटतो. ‘माझ्या घरात कला आणा’ एवढीच त्याची मागणी होती. आपल्याकडे ‘मॉडर्न लूक द्या’ म्हणणारे याच गृहस्थाचे वंशज होत.

तर मग सांगायचे काय? माझ्या मते एक सबंध दिवस सांगावा, पहाटेपासून रात्रीपर्यंत, आणि तो घरातल्या प्रत्येकाने आपापला सांगावा. स्वयंपाक उभ्याने होतो की भाजी निवडायला, लसूण सोलायला कोणी खाली बसते? ओट्याची उंची स्वयंपाक करणाऱ्याच्या कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावी असा साधारण आडाखा आहे. म्हणजे पाच फूट उंचीच्या बाईचा ओटा आणि पावणेसहा फुटी पुरुषाचा ओटा एक असू शकत नाही. असे असूनही ओटा ‘स्टँडर्ड’ मापाचा होतो, कारण बैठकीत बोलत असतो तो नवरा आणि ओट्यापाशी उभी राहणार असते ती बायको, किंवा स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी. सासूबाईंना जमिनीवर बसून पूजा करायची सवय असेल तर भिंतीवर टांगलेला, आतून दिवे लावलेला देव्हारा त्यांच्या काय कामाचा? आजोबांचे गुडघे दुखत असतील तर तो फॅशनेबल, जमिनीलगतचा सोफा त्यांना दर वेळी कोणाचा तरी हात मागायला लावणार आहे. साठवणीचे वस्तुनिहाय सांगावे: वर्षाचे गहू-तांदूळ भरता का, लोणच्याच्या बरण्या किती, सुटकेसेस किती, शिडी आणि इस्त्रीची फळी कुठे जाणार (आणि होय, गणपतीचे मखर अकरा महिने कोणत्या माळ्यावर राहणार). चांगला डिझायनर हे सारे स्वतःहून विचारतो. पहिल्या भेटीत जो रंगांच्या पट्ट्या उघडण्याआधी तुमचे सध्याचे, भाड्याचे, अडगळीने भरलेले घर पाहायला मागतो, त्याच्यावर माझा चटकन विश्वास बसतो.

आता पैशांविषयी. या बाबतीत मराठी माणूस संकोच आणि संशय या दोहोंत एकाच वेळी राहतो. डिझायनरचे मानधन ठरवण्याच्या प्रचलित रीती तीन: ठोक रक्कम, चौरस फुटाला दर, किंवा एकूण खर्चावर टक्केवारी. तिसऱ्या रीतीत खर्च वाढला की मानधनही वाढते, हे उघड आहे. चौथी रीत अशी की डिझाइन ‘मोफत’, काम मात्र आमच्याकडूनच. आपल्याकडे ही सर्वांत लोकप्रिय आहे आणि मला सर्वांत कमी पटते. विचाराचे पैसे द्यायचे नाहीत म्हणून आपण प्लायवुडच्या भावात ते गुपचूप देतो. किती दिले ते मात्र कळत नाही. शिवाय टाइल्सच्या, लॅमिनेटच्या, दिव्यांच्या दुकानांतून डिझायनरला कमिशन मिळण्याची प्रथा आहे. ती तुमच्या बाबतीत आहे का, हे पहिल्याच बैठकीत सरळ विचारावे. प्रामाणिक माणूस याने दुखावत नाही. त्याचे उत्तर त्याच्याकडे तयार असते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तीन डिझायनरांकडून आराखडे ‘नुसते बघायला’ मागवायचे, त्यांतला आवडलेला ओळखीच्या सुताराला दाखवून तसेच करून घ्यायचे, आणि मग ‘डिझायनरची गरजच काय’ असे चारचौघांत म्हणायचे, हे सुशिक्षित घरांत सर्रास चालते. डॉक्टरचे प्रिस्क्रिप्शन घेऊन फी न देता निघून जाण्याची आपल्याला लाज वाटते, इथे वाटत नाही. जो व्यवसाय आपल्या विचारांचे मोल मिळवू शकत नाही तो ते अन्यत्र वसूल करणार, यात आश्चर्य नाही.

कायद्याचा आधार या व्यवहाराला तोकडाच आहे. १९७२च्या कायद्याने ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यांपुरती राखून ठेवली. इंटिरियर डिझायनरला तसे बंधन नाही. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स ही संस्थाही १९७२ सालचीच, पण तिचे सदस्यत्व ऐच्छिक आहे. उद्या कोणीही दारावर पाटी लावू शकतो. वाद झालाच तर ग्राहक आयोगाचे दार आहे, आणि तिथे लागतो तो कागद. कागद नसला की नामवंतही सुटत नाहीत. मीस व्हॅन डर रोह हा विसाव्या शतकातला अग्रगण्य वास्तुकार आणि एडिथ फार्न्सवर्थ ही शिकागोची डॉक्टर यांनी मिळून अमेरिकेत एक काचेचे घर उभारले. ते १९५१ साली पुरे झाले आणि जगभर वाखाणले गेले. पण मानधनाचा रीतसर करार नव्हता, खर्च अंदाजाबाहेर गेला होता, आणि दोघे कोर्टात समोरासमोर उभे राहिले. घर चारी बाजूंनी काचेचे होते, हिशेब तेवढा अपारदर्शक राहिला.

तेव्हा कागदावर काय असावे, ते थोडक्यात. वॉर्डरोबचा दर चौरस फुटाला लावतात तेव्हा तो समोरच्या दर्शनी भागाचा असतो. आतले कप्पे आणि ड्रॉवर त्यात धरले आहेत की नाहीत, हे लिहून घ्यावे. ‘मरीन प्लाय’ हे शब्द पुरेसे नाहीत. मरीन प्लायचे भारतीय मानक आयएस ७१०, सर्वसाधारण वापराच्या प्लायचे आयएस ३०३. कोणते, कितव्या जाडीचे, कोणत्या कंपनीचे आणि घरातल्या कोणत्या भागात, हे नमूद हवे. बिजागऱ्या आणि ड्रॉवरच्या पट्ट्या यांचेही तसेच, कारण फर्निचर आधी मोडते ते तिथेच. १८ टक्के जीएसटी धरून आकडा आहे की वगळून? आराखडे किती वेळा बदलून मिळतील? डिझायनर साइटवर आठवड्यातून किती वेळा येईल? रकमेचे हप्ते तारखांना न बांधता पुऱ्या झालेल्या कामाला बांधावेत, आणि शेवटचा हप्ता सगळी दारे नीट लागतात हे पाहिल्यावरच द्यावा.

काम सुरू झाल्यावर गृहस्थाने एक पथ्य पाळावे: कारागिराला परस्पर सूचना देऊ नयेत. संध्याकाळी ऑफिसातून येताना साइटवर डोकावून ‘इथे अजून एक कप्पा काढा’ असे सुताराला सांगणे फार मोहाचे असते. त्या कप्प्यामागून विजेची वाहिनी जायची असते, हे सुताराला ठाऊक नसते. बदल हवा तर डिझायनरला सांगावा, त्याने त्याचा वाढीव खर्च लिहून द्यावा, मग काम व्हावे. आणि फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी, न्हाणीघराच्या टाइल्स बसण्याआधी, भिंतीतल्या सगळ्या नळांची व वायरींची छायाचित्रे टेप लावून, माप दिसेल अशी काढून ठेवावीत. चित्रे जमवायचीच असतील तर ही जमवावीत. सात-आठ वर्षांनी गळती लागते, तोवर डिझायनरचा फोन नंबर बदललेला असतो, आणि प्लंबर हातोडा घेऊन विचारतो, फोडू कुठे?