भाड्यानें द्यावयाची जागा

वाईहून एका गृहस्थांचें पत्र आलें आहे. वडिलोपार्जित वाडा विकून त्यांच्या घरास 85 लाख रुपये मिळाले. तिघे बंधु एकत्र राहतात, आणि त्यांची थोरली विधवा बहीण, मुलांची आत्या, गेलीं तीस वर्षें त्याच घराचा गाडा ओढीत आली आहे. तिला मूलबाळ नाहीं. या पैशांतून मुंबईच्या एखाद्या उपनगरांत सदनिका घ्यावी, ती भाड्यानें द्यावी, आणि भाडें आत्याबाईंच्या हातीं पडावें, म्हणजे औषधासाठीं वा यात्रेसाठीं त्यांना भावांपुढें हात पसरावा लागूं नये, असें ठरलें. पत्रांत हें औदार्य म्हणून लिहिलें आहे; 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतींत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच असतो, हें आम्ही जातां जातां नमूद करतों. असो. येथपर्यंत तिघांचें एकमत आहे. पुढें थोरले म्हणतात पार्लें, मधले म्हणतात डोंबिवली, आणि धाकटे, जे इंजिनियर आहेत, ते पनवेलचा नकाशा पुढ्यांत घेऊन बसले आहेत.

थोरल्यांचें मन आम्हांस कळतें. 1921 चें पार्ले टिळक विद्यालय, 1923 चा लोकमान्य सेवा संघ, व्याख्यानें, नाटकें; आपल्या मंडळींना राहावयास याहून सोयीची वस्ती मुंबईंत क्वचितच सांपडेल. परंतु ही जागा स्वतः राहण्यासाठीं घ्यावयाची नाहीं, आणि सगळा घोटाळा येथेंच होतो. शेजार, शाळा, नांवलौकिक यांची किंमत विकणारा आपणांकडून पुरेपूर वसूल करतो. भाडेकरू मात्र त्या प्रमाणांत भाडें देत नाहीं. हातच्या रकमेंत तेथें मिळालीच तर एखाद्या जुन्या इमारतींतील अगदीं लहान जागा मिळेल. तिचा पुनर्विकास निघाला कीं भाडेकरू उठतो, आणि पुढें कित्येक वर्षें विकासकाच्या धनादेशांवर विसंबून राहावें लागतें. ज्या स्त्रीला दरमहा पैसा हवा तिच्यासाठीं हा मार्ग नव्हे.

धाकट्यांचा युक्तिवाद वरकरणी बिनतोड आहे. अटल सेतु जानेवारी 2024 मध्यें खुला झाला, आणि 2025 च्या डिसेंबरांत नव्या विमानतळावरून विमानें उडूं लागलीं. पण त्याच विमानतळाची कोनशिला 2018 सालीं बसली होती. तेव्हांपासून जाहिरातींत तो रोज उडतच होता, आणि भाव त्याच्याबरोबर चढत होते. जें सर्वांना ठाऊक झालें तें किंमतींत आधींच मिळालेलें असतें. शिवाय त्या बाजूस नव्या इमारती एवढ्या उठल्या आहेत कीं भाडेकरूला दहा जागा पाहून अकरावी नाकारतां येते. वीस वर्षें थांबणाऱ्या तरुणानें तेथें जरूर घ्यावी. आत्याबाईंचें वय पत्रांत 68 दिलें आहे.

राहतां राहिली डोंबिवली. तेथील लोकलची गर्दी कोणास हवीशी वाटणार नाहीं. पण गर्दी याचाच अर्थ भाडेकरू. तो विचारतो एवढेंच कीं, स्टेशन पायीं किती मिनिटांवर, पाणी किती वेळ येतें, आणि पावसाळ्यांत वाट बंद पडते का. यासाठीं जागा पाहावयास आषाढांत, भर पावसाच्या दिवशीं जावें. दलालाशीं न बोलतां कोपऱ्यावरील वाण्याशीं बोलावें. 2019 च्या जुलैंत बदलापूर-वांगणीच्या दरम्यान आगगाडी पुराच्या पाण्यांत अडकली होती, ती उन्हाळ्यांत जागा पाहणाऱ्यास कशी आठवेल?

मात्र डोंबिवलींत कागदांच्या बाबतींत भोळेपणा परवडणार नाहीं. तेथील 65 बेकायदा इमारतींचें प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें, आणि 2024 सालीं त्या पाडण्याचा हुकूम झाला. खोटीं परवानगीपत्रें जोडून त्यांची महारेराकडे नोंदणीहि करण्यांत आली होती. म्हणजे केवळ नोंदणी-क्रमांक पाहून ज्यांनीं आयुष्याची पुंजी ओतली ते फसले. तेव्हां बांधकाम-परवानगी महानगरपालिकेंत स्वतः पडताळावी, भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या जागेकडे फिरकूंहि नये, आणि जमीन गृहनिर्माण संस्थेच्या नांवावर झाली आहे कीं नाहीं तें विचारावें.

आतां हिशेब. समजा, 80 लाखांची सदनिका घेतली. मुद्रांकशुल्क 6 टक्के धरलें तरी 4 लाख 80 हजार, आणि नोंदणीचे 30 हजार. सारी रक्कम तेथेंच संपली. भाडें दरमहा 20 हजार धरूं. त्यांतून भाडेकरू बदलतांना रिकामा जाणारा एक महिना, संस्थेची वर्गणी दरमहा 3 हजार, कर व डागडुजीचे वर्षाचे 24 हजार वजा करा. हातीं वर्षाकांठीं 1 लाख 60 हजार उरतात. 85 लाखांवर दोन टक्केहि नाहींत. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेंत 2023 च्या एप्रिलपासून 30 लाखांपर्यंत ठेवतां येतात, आणि त्या वेळीं व्याज 8.2 टक्के ठरलें होतें. त्या दरानें तीस लाखांचेच वर्षाला 2 लाख 46 हजार होतात, दर तिमाहीस, भाडेकरूच्या तोंडाकडे न पाहतां.

म्हणून आमचें मत असें कीं, 30 लाख त्या योजनेंत आत्याबाईंच्या नांवें ठेवावे. व्याजाचा दर पैसे भरण्याच्या दिवशीं टपालकचेरींत विचारून घ्यावा. उरलेल्या रकमेंत डोंबिवलीस, स्टेशनपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, एका शयनगृहाची तयार जागा घ्यावी. ती एकट्या आत्याबाईंच्या नांवें घेतल्यास मुद्रांकशुल्कांत एक टक्का सूट मिळते. भाड्याचा करारनामा 1999 च्या भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणें नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची असते. भाडें थेट त्यांच्याच बँकेच्या खात्यांत पडावें, थोरल्यांच्या नव्हे.

एक गोष्ट पत्रांत कोणीच विचारली नाहीं. निपुत्रिक विधवेच्या नांवें घेतलेली मिळकत, मृत्युपत्र नसल्यास, 1956 च्या वारसा कायद्यानें तिच्या पतीच्या वारसांकडे जाण्याचा संभव असतो. तीस वर्षें ज्यांनीं चौकशी केली नाहीं ते दीर त्या वेळीं बरोबर हजर होतात. आत्याबाईंनीं मृत्युपत्र करावें, आणि त्यांत कोणाचें नांव घालावें हें भावांनीं त्यांना सुचवूं नये. दोन साक्षीदार लागतात. ते ज्यांना कांहीं मिळावयाचें नाहीं असे, आणि शक्य तों तरुण असावेत.