तणनाशक मारूनही तण हिरवंच? औषधाआधी पंपाचं नोझल बघा

बीडमध्ये खरिपात सलग चार-पाच दिवस पाऊस लागला की कापूस-सोयाबीनच्या रानात वापसा येत नाही. कोळपं चालत नाही, खुरपणीची मजुरी परवडत नाही. मग तणनाशक येतं आणि किडीच्या फवारणीचा पंप तसाच पाठीवर चढतो. आठ-दहा दिवसांनी बघावं तर निम्मं तण हिरवंच. खापर फुटतं औषधावर. कधी ते खरंच बोगस असतं, पण बऱ्याचदा घोळ नोझलचा असतो.

किडीसाठी वापरतात ते हॉलो कोन नोझल. ते गोल फिरणारा, बारीक थेंबांचा फवारा देतं. तणनाशकाला लागतं फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट, म्हणजे जमिनीवर सरळ पट्टा मारणारं.

थेंबाचं गणित साधं आहे. ४०० मायक्रॉनच्या एका थेंबातून २०० मायक्रॉनचे ८ थेंब होतात आणि १०० मायक्रॉनचे ६४. थेंब जितके जास्त तितकं पान जास्त झाकलं जाणार, हे खरं. पण १०० मायक्रॉन म्हणजे जेमतेम केसाची जाडी. असा थेंब हवेतच सुकतो, नाहीतर वाऱ्यासोबत बांध ओलांडतो. बॅटरी पंपाचा दाब वाढवला की थेंब आणखी बारीक होतात. उलट थेंब फारच मोठा झाला, तर गवताच्या अरुंद, उभ्या पानावरून घरंगळतो. म्हणून मध्यम थेंब बरा. त्यातही पॅराक्वाटसारखं लागेल तिथंच जाळणारं औषध असेल तर पान नीट भिजावं लागतं. झाडात भिनणाऱ्या औषधाला थोडा मोठा थेंबही चालतो.

बांध ओलांडण्याची गोष्ट किरकोळ नाही. माजलगाव, गेवराईत ऊस आणि कपाशी शेजारी-शेजारी असतात. उसातल्या रुंद पानांच्या तणांवर टू-फोर-डी मारतात आणि कपाशी त्याला फार नाजूक. वाऱ्याने थोडंसं आलं तरी पानं भेंडीच्या पानांसारखी चिरफाळतात. पंप नीट न धुता कपाशीत नेला, तरी तेच होतं.

आता ड्रोनही आलेत. पाठीवरच्या पंपाला एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, तिथं ड्रोन साधारण १० लिटरमध्ये काम उरकतो. एवढ्याशा पाण्यात रान झाकायचं तर थेंब बारीकच ठेवावे लागतात, तेही उंचावरून. त्यामुळे शेजारच्या उसात तणनाशकाचा ड्रोन उडणार असेल, तर कपाशीवाल्याने औषध कोणतं आणि वारा कुठल्या दिशेचा, हे आधीच विचारून घेतलेलं बरं.