तीन महिन्यांची आठवण

१९७२च्या दुष्काळात माणदेशातली जी विशीतली मुले-मुली खडी फोडायला गेली, ती आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. त्या वर्षीची मजुरांची संख्या आणि धान्याचा पुरवठा सरकारदफ्तरी सापडेल. पण मिलोची भाकरी घशाखाली कशी उतरली, कोणत्या विहिरीने शेवटपर्यंत साथ दिली, तिथे कोणाला पाणी भरू दिले आणि कोणाला नाही, हे दफ्तरात नाही. ते माणसांच्या तोंडी आहे, आणि सांगणारे एकेक करून चालले आहेत.

ही आठवण टिपण्याचे सर्वांत जवळचे साधन म्हणजे स्थानिक नभोवाणी. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. तरी स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची मुभा मिळायला २००६ साल उजाडले. २००८मध्ये म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. त्याच वर्षी आजच्या तेलंगणातील माचनूरला दलित स्त्रियांनी संघम रेडिओ चालवायला घेतला. अक्षरओळख नसलेली आजीही माइकपुढे आपल्या बोलीत बोलू शकते. शिवाय तिचे चुकले, तर ऐकणारा शेजारी दुसऱ्या दिवशी येऊन दुरुस्त करतो. इतिहासाची अशी उलटतपासणी पुस्तकाच्या नशिबी क्वचितच येते.

परंतु ही आठवण टिकते किती दिवस? धोरणानुसार निम्मे कार्यक्रम स्थानिकांच्या सहभागातून व्हायला हवेत आणि ध्वनिमुद्रण तीन महिने जपायला हवे. हे तीन महिने तक्रार आल्यास पुरावा असावा म्हणून. इतिहास राहावा म्हणून नव्हे. छापलेल्या पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांत पोचलीच पाहिजे, असा कायदा १९५४पासून आहे. बोललेल्या शब्दाला तसा आधार नाही. बिलांची जुळवाजुळव करणाऱ्या लहान केंद्राने जागा करण्यासाठी जुने पुसले, तर त्याला दोष तरी कसा द्यावा?

गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गाणारीचे नाव आणि गाव यांची नोंद राहिली, म्हणून घरोघरची जाती थांबल्यावरही त्या ओव्या उरल्या. रेडिओ केंद्रांनाही हीच शिस्त हवी. बोलणाऱ्याची संमती, नाव, गाव, तारीख आणि विषय एवढी नोंद करून मुद्रणाची एक प्रत जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवता येईल. त्यासाठी लागणारा थोडका खर्च केंद्राच्या माथी न मारता शासनाने उचलावा.

प्रक्षेपण म्हणजे जतन नव्हे. आजीचे बोलणे एका दुपारी गावभर ऐकू गेले, याचे समाधान मोठे आहे. पण तिच्या पणतीला ते ऐकता आले नाही, तर आपण केवळ करमणूक केली, इतिहास राखला नाही.