साठ पानांचा कॅट आणि शंभर दाण्यांची परीक्षा



शाळेजवळच्या दुकानात पाच-दहा रुपयांना मिळणारी पोकेमॉनच्या पत्त्यांची पाकिटे हल्ली खेड्यातल्या मुलांच्या दप्तरातही दिसतात. काही मोठी मुले हाच खेळ मोबाइलवर खेळतात. पोराने पैसा आणि वेळ दोन्ही घालवले, ही आईबापांची तक्रार खोटी नाही. पण खेळ काय आहे हे न समजता मोबाइल हिसकावून घेतला, तर मूल चोरून खेळते आणि पैसा कुठे गेला हेही कळत नाही. म्हणून आधी खेळ समजून घेऊ.

हा खेळ जपानचा. १९९६ साली तो तेथे निघाला आणि १९९९ साली अमेरिकेत इंग्रजीतून आला. आपल्या रमीत सगळे एकाच कॅटातून खेळतात. येथे प्रत्येक गडी आपला कॅट आपणच जुळवून आणतो. कॅटात बरोबर ६० पाने हवीत. एका नावाची ४ हून अधिक पाने चालत नाहीत. साधी एनर्जीची पाने मात्र हवी तेवढी घ्यावीत. पानांचे प्रकार तीन. पोकेमॉन म्हणजे झुंजणारा प्राणी, एनर्जी म्हणजे त्याची ताकद, आणि ट्रेनर म्हणजे मदतीची पाने.

पाने पिसून प्रत्येकाने ७ पाने हातात घ्यायची. त्यांत निदान एक 'बेसिक', म्हणजे थेट मैदानात उतरवता येणारा पोकेमॉन असलाच पाहिजे. नसेल तर हात उघडून दाखवायचा, पुन्हा पिसायचे आणि पुन्हा ७ पाने घ्यायची. समोरच्याला त्याबद्दल एक पान जादा घेता येते. म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच नुकसान!

आता मुलांची समजूत अशी असते की, एखादे चमकणारे महाग पान मिळाले की डाव जिंकला. खरे मर्म निराळे आहे. कॅटाचे बळ पानांच्या प्रमाणात असते. गणिताने पाहा. ६० पानांत बेसिक पोकेमॉन ४ च ठेवले, तर १०० पैकी सुमारे ४० वेळाच पहिल्या हातात एक तरी येतो. ८ ठेवले तर ६५ वेळा, आणि १२ ठेवले तर ८१ वेळा. उलट एखादे पान कॅटात एकच असेल, मग ते कितीही मोलाचे असो, पहिल्या हातात ते १०० पैकी १२ वेळाच येणार. मात्र बेसिकच भरमसाट भरले, तर एनर्जी आणि ट्रेनर यांना जागा उरत नाही. मिश्रपिकात कोणत्या पिकाच्या किती ओळी, हे ठरवण्यासारखेच हे काम आहे.

हा हिशेब करण्याची साधने इंटरनेटवर फुकट आहेत. 'लिमिटलेस' नावाच्या संकेतस्थळावर पत्त्यांची सूची आहे, मोठ्या स्पर्धांत वर आलेल्या खेळाडूंचे पूर्ण कॅट पानागणिक दिलेले आहेत, आणि आपला कॅट जुळवून पाहण्याची सोयही आहे. तेथली यादी उचलून 'पोकेमॉन टीसीजी लाइव्ह' या ॲपमध्ये टाकता येते. २०२३ साली आलेले हे ॲप फुकट आहे. त्यात खऱ्या नियमांनी ६० पानांचा डाव खेळता येतो.

सोयाबीन पेरण्याआधी आपण १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि उगवलेले मोजतो. ७० किंवा त्याहून अधिक उगवले तर बियाणे चांगले. कॅटाचीही अशीच परीक्षा घ्यावी. नवा कॅट जुळवला की २० वेळा पिसून पहिली ७ पाने पाहावीत. किती वेळा बेसिक आला, एनर्जी आली का, हे वहीत लिहावे. मग दोन-चार पाने बदलून पुन्हा मोजावे. एक पैसाही न लागता मुलाच्या हातून शेकडेवारीचे गणित होते. हे गणित त्याला पुढे शेतातही उपयोगी पडेल.

नुकसान होते ते बंद पाकिटात. आत कोणते पान आहे हे घेताना कळत नाही. हवे ते पान निघेपर्यंत पाकिटे फोडत राहणे ही सोडतच झाली. दुकानातील स्वस्त पाकिटांत बहुतेक नकली पाने असतात, ती स्पर्धेत चालत नाहीत. २०२४ साली आलेल्या 'पोकेमॉन टीसीजी पॉकेट' या मोबाइल खेळात कॅट २० पानांचा असतो. रोज दोन पाकिटे फुकट मिळतात. त्याहून अधिक हवी असतील तर पैसे मोजण्याचा मोह तयार ठेवलेला असतो.

म्हणून घरातल्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. मोबाइलच्या प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय असते, ती चालू करावी. पासवर्ड मुलाला सांगू नये.

२. खेळाची वेळ ठरवून द्यावी, आणि ती आपणही पाळावी. कधी सुट दिली, कधी मारले, असे करू नये.

३. खरे पत्ते घ्यायचेच असतील, तर आधी पूर्ण यादी कागदावर लिहून घ्यावी. मग लागतील ती पाने सुटी घ्यावीत. पाकिटे फोडून कॅट पुरा होत नाही.

४. नवे पान मागितले की विचारावे, "हे कोणत्या पानाच्या जागी घालणार?" ६० पानांत एक घालायचे तर एक काढावेच लागते. उत्तर देता आले, तर मूल खेळते आहे. उत्तर नसेल, तर ते नुसती पाकिटे फोडते आहे.

एका रविवारी मुलाजवळ बसून त्याचा कॅट समजून घ्या. काय घालावे आणि काय काढावे याचा विचार करणे मुलाला साधले, तर ते उद्या हंगामाच्या खर्चाची यादीही नीट करील.