४५ मिनिटे आणि ४८ मिनिटे

घराच्या उंबरठ्याआड नियम पाळणे तितकेसे अवघड नसते. स्वयंपाकघर आपले, घड्याळ आपले आणि माणसेही आपलीच. नियमाची पारख होते ती परमुलखात, चाळीस जणांच्या बसमध्ये आपण एकटेच वेगळे ठरतो तेव्हा. अहिल्यानगरच्या आडतबाजारातील एका कुटुंबाला जूनअखेरीच्या युरोप सहलीत एकाच दिवशी ही पारख दोनदा अनुभवावी लागली. कुटुंब तिघांचे: सत्तरी ओलांडलेल्या दादीजी, त्यांचे व्यापारी चिरंजीव आणि बारा वर्षांचा नातू.

मुक्काम फ्रँकफर्टला होता. त्या दिवसांत तेथे सव्वापाचच्या सुमारास सूर्योदय होतो. त्यामुळे दादीजींची नवकारसी सांभाळूनही न्याहारी वेळेत उरकली. साडेसातला बस सुटली. दिवसाचा बेत भरगच्च होता: ब्लॅक फॉरेस्टमधील टिटिझे तलाव, स्वित्झर्लंडमधील र्‍हाइन नदीचा धबधबा आणि सायंकाळी ल्युसर्नजवळच्या एका शेतघरात ग्रामीण भोजन.

वाटेत महामार्गावर वाहनांची कोंडी झाली आणि दीड तास वाया गेला. फ्रायबुर्गच्या अलीकडे बाराच्या ठोक्याला चालकाने बस एका विश्रांतिस्थळी उभी केली व इंजिन बंद केले. तलाव तेथून जेमतेम पाऊण तासावर होता. "आता थांबता कशाला? तिकडे खरेदीला वेळ मिळायचा नाही!" मागच्या रांगेतील एका गृहस्थांनी आवाज चढवला. पन्नाशीच्या चालकाने शांतपणे समोरच्या यंत्राकडे बोट दाखवले. त्याचे नाव टॅकोग्राफ. सलग साडेचार तास वाहन चालविल्यावर किमान ४५ मिनिटांची विश्रांती आणि दिवसभरात साधारणपणे नऊ तासांपर्यंतच सारथ्य, हा युरोपीय संघाचा २००६ सालचा नियम आहे. चालक किती चालला, किती थांबला याची नोंद ते यंत्र करते आणि पोलीस ती वाटेत कोठेही तपासू शकतात. थकलेल्या माणसाच्या हाती चाळीस जीव सोपवू नयेत, एवढाच त्यामागचा विचार.

दादीजींना ही विश्रांती पर्वणीच वाटली. धावत्या बसमध्ये सामायिक कशी करायची, हा प्रश्न त्यांना सकाळपासून पडला होता. हिरवळ टाळून फरसबंद जागेवर त्यांनी आसन अंथरले आणि बारा वाजून पाच मिनिटांनी त्या सामायिकात बसल्या. पाऊण वाजता चालकाची विश्रांती संपली. सारे आपापल्या जागी बसले. दादीजी मात्र हलल्या नाहीत. सामायिक एका मुहूर्ताची, म्हणजे ४८ मिनिटांची. आठ मिनिटे अजून बाकी होती. चिरंजीव ओशाळून गेले. मागील गृहस्थ पुन्हा पुटपुटू लागले. शेवटी नातवाने चालकाजवळ जाऊन मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले, की दादीजींचाही असाच एक नियम आहे; फक्त तो ४८ मिनिटांचा आहे. चालकाने क्षणभर दादीजींकडे पाहिले आणि तो बसच्या पायरीवर जाऊन बसला. "तर मग त्यांचेही घड्याळ पुरे होऊ द्या," तो म्हणाला.

सामायिक पारून दादीजी बसमध्ये चढल्या. प्रथम त्यांनी सर्वांपुढे हात जोडले. "माझ्यामुळे तुमचा खोळंबा झाला. मिच्छामि दुक्कडम्. थांबण्याची मुदत आधी विचारूनच बसायला हवे होते." त्यावर मागचे गृहस्थही निरुत्तर झाले. आपला नियम दुसर्‍याच्या माथी मारायचा नसतो, हेही नियमातच आले.

टिटिझेच्या काठावर ककू घड्याळांची दुकाने आहेत. दोन लहान भाते व दोन शिट्ट्या यांच्या योगाने त्यातील पक्षी बोलतो. या डोंगराळ भागातील शेतकरी हिवाळ्यात घरोघर लाकडी घड्याळे बनवीत आणि फिरते विक्रेते ती पाठीवर लादून देशोदेशी नेत. पुढे १८५० साली फुर्टवांगेन येथे घड्याळ बनविण्याची शाळाही निघाली. पाठीवर माल घेऊन परमुलखात उभे राहिलेल्या त्या विक्रेत्यांची हकिकत ऐकताना चिरंजीवांना मारवाडातून लोटा-दोरी घेऊन आलेले आपले पूर्वज आठवले. चार वाजून गेल्यावर शाफहाउझेनजवळ र्‍हाइनचा धबधबा दिसला. उंची अवघी २३ मीटर, पण रुंदी १५० मीटर. उन्हाळ्यात सेकंदाला सरासरी सुमारे ६०० घनमीटर पाणी तेथे कोसळते.

सातच्या सुमारास बस शेतघरी पोहोचली, तेव्हा ऊन लखलखीत होते. तेथे सूर्यास्त साडेनऊच्या आसपास; त्यामुळे चौविहाराची चिंता नव्हती. अंगणात लाकडी मेजे मांडली होती. प्रत्येक मेजावर मंद आचेवर फोंद्यूचे भांडे. पावाचा तुकडा लांब काट्याला टोचून वितळलेल्या चीजमध्ये बुडवायचा आणि खायचा. सहलीच्या पत्रकात या भोजनापुढे 'शाकाहारी' असे छापलेले होते. चिरंजीवांनी पहिला तुकडा बुडवलाही होता. इतक्यात नातवाने यजमानीणबाईंना विचारले, "यात काय काय असते?"

त्यांनी काहीही न लपवता सांगितले. ग्र्युएर आणि वाशरें ही दोन चीज, पांढरी वाइन, चेरीचे मद्य आणि भांड्याला आतून चोळलेला लसूण. आणि ग्र्युएरचे दूध विरजताना त्यात घालतात ते रेनेट वासराच्या जठरापासून मिळते.

चिरंजीवांचा हात थांबला. गेली कित्येक वर्षे व्यापारानिमित्त बाहेर जेवताना 'व्हेज आहे' या दोन शब्दांवर ते चीज खात आले होते. कधी विचारले नव्हते. बाजारात हातात घेऊन पाहिल्याशिवाय धान्याचा सौदा न करणार्‍या माणसाने स्वतःच्या ताटाची मात्र कधी पारख केली नव्हती. त्यांनी आईकडे पाहिले. दादीजींनी उपदेशाचा एक शब्दही काढला नाही. त्यांनी फक्त खाखर्‍यांचा डबा मधोमध सरकवला.

डबा आठ दिवस एका माणसाला पुरेल, असा मोजून भरलेला होता. "आता दोघांत चार दिवस," चिरंजीव म्हणाले. "तिघांत," नातवाने दुरुस्ती केली. यजमानीणबाईंना वाईट वाटले असावे. त्या आत गेल्या आणि झाडावरून नुकत्याच उतरविलेल्या चेरींची परडी व उकळलेले दूध घेऊन आल्या. ते तिघांनी आनंदाने घेतले.

पलीकडच्या मेजावर चालक सफरचंदाचा रस पीत बसला होता. प्रवासी वाहनाच्या चालकाला तेथे कायद्याने मद्य वर्ज्य आहे. वाइनचा चषक नाकारणारे त्या अंगणात बहुधा हे चौघेच होते. त्यांतील एकाच्या नियमावर यंत्राची नजर होती आणि मोडल्यास दंडही होता. दादीजींच्या नियमाची नोंद कोठेही होत नव्हती. चीजचा एक घास खाल्ला असता, तर अहिल्यानगरला कोणाला कळणार होते?

नऊ वाजता त्यांनी चौविहाराचे पच्चक्खाण घेतले. शेजारी चिरंजीवांनीही हात जोडले. मग तिघे बसकडे निघाले, तेव्हा चालक दारात उभा होता. त्याने हसून मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवले आणि भुवया उंचावून विचारले. नातवाने मान डोलावली: सर्वांची वेळ पुरी झाली होती.