शिशाचा पट्टा आणि झटक्यात सुटणारे बकल

अकोले तालुक्यातील सुगाव येथे २३ मे २०२४ रोजी प्रवरा नदीत शोधकार्य सुरू असताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाच्या तीन जवानांचा मृत्यू झाला. ती दुर्घटना बोटीची होती. पण बुडालेल्याला शोधायला जाणाऱ्याचा जीवही किती धोक्यात असतो, हे तिने दाखवून दिले. अशा शोधात खोल पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्याच्या सुरक्षेतली एक दुर्लक्षित वस्तू म्हणजे कमरेचा शिशाचा पट्टा.

फुप्फुसांतील हवा आणि हवेचे बुडबुडे असलेला रबरी पोशाख पाणबुड्याला वर ढकलतात. त्यावर उतारा म्हणून शिसे. ते पाण्याच्या सुमारे ११ पट जड असल्याने थोड्या जागेत मावते. मात्र किती शिसे बांधायचे, हे पाण्यावर ठरते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. साहित्यासह १०० लिटर जागा व्यापणाऱ्या पाणबुड्याला धरणात समुद्रापेक्षा अडीच किलो शिसे कमी पुरते. म्हणजे तारकर्लीच्या समुद्रात बेतलेला पट्टा तसाच बांधून भंडारदऱ्याच्या जलाशयात उतरणे हे अडीच किलोचे जादा ओझे झाले. त्यात १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, पोशाखातील बुडबुडे आकसतात आणि वर ढकलणारा जोर घटतो. वर तोललेला माणूस खाली जड होतो. ‘लवकर तळ गाठायला दोन किलो जास्त’ हा हिशेब म्हणूनच घातक आहे.

पट्ट्याचा खरा गुण वजनात नाही, तो टाकून देता येण्यात आहे. एका हाताने, झटक्यात सुटणारे बकल हवेच. जगभरात बुडून मरण पावलेले अनेक पाणबुडे पट्टा कमरेलाच असताना सापडले आहेत. घाबरलेल्या मेंदूला सरावाची गोष्टच आठवते. कमरेला गाठ मारून बांधलेला दगड किंवा लोखंड तर ऐनवेळी सुटतच नाही.

जिल्ह्यातील शोधपथकांना आणि त्यांच्या मदतीला धावणाऱ्या गावोगावच्या पट्टीच्या पोहणाऱ्यांना हा सराव मुळा, भंडारदऱ्यासारख्या गोड्या पाण्यातच द्यायला हवा. उतरण्यापूर्वी उथळ पाण्यात श्वास रोखून डोळ्यांपर्यंत तरंगता येते का आणि श्वास सोडल्यावर सावकाश खाली जाता येते का, हे पाहायला दोन मिनिटे लागतात. तेवढी दोन मिनिटे कोणत्याही शोधाला परवडतात.