बाबांचा फोन हरवला? नवीन घ्या, पण मालक बाबांनाच ठेवा

आजचा विषय घरातला वाटेल, पण तो थेट धंद्याचा आहे.

जळकोटला बाबांचं किराणा दुकान आहे आणि तुम्ही पुण्यात नोकरीला, असं समजा. आठवडी बाजारात बाबांचा फोन गेला. तुम्ही काय करता? ऑनलाइन नवीन फोन मागवता, त्यात स्वतःचा जीमेल टाकता, आणि "तुम्हाला जमणार नाही, राहू द्या" म्हणून दुकानाचा क्यूआर आपल्याच खात्याला जोडता. काम झालं, असं वाटतं. माझ्या मते इथंच दुकानाचं नुकसान सुरू होतं.

कसं ते बघा. गिऱ्हाइकाचे पैसे तुमच्या खात्यात येऊ लागले की बाबांच्या बँक स्टेटमेंटमधून उलाढाल गायब. उद्या ते मुद्रा कर्ज मागायला उदगीरच्या किंवा जळकोटच्या बँकेत गेले, तर मॅनेजर स्टेटमेंटच बघणार ना? 2024 च्या बजेटमध्ये मुद्राची मर्यादा 10 लाखांवरून 20 लाख झाली, तीही आधीचं तरुण गटातलं कर्ज नीट फेडलेल्यांसाठी. म्हणजे व्यवहाराची नोंद हीच बाबांची पत. आणि दुसरी गोष्ट पैशाहून मोठी आहे. तीस वर्षं गल्ला सांभाळलेला माणूस "किती जमा झाले रे?" हे पोराला फोन करून विचारतो. हे बरं नाही.

मग करायचं काय? क्रम लक्षात ठेवा.

एक, सिम कंपनीला फोन करून सिम बंद करा.

दोन, बँकेला कळवून यूपीआय आणि मोबाइल बँकिंग थांबवा. याला उशीर नको. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात स्पष्ट आहे की, तक्रार नोंदवल्यानंतर होणारं नुकसान बँकेनं सोसायचं. म्हणून तक्रार क्रमांक वहीत लिहा. पैसे आधीच गेले असतील तर लगेच 1930 लावा.

तीन, पोलीस ठाण्यात फोन गहाळ झाल्याची नोंद करा, प्रत घ्या.

चार, त्याच नंबरचं नवीन सिम काढा. सिम ज्याच्या नावावर, त्यालाच ओळखपत्र घेऊन जावं लागतं. बाबांचं सिम तुमच्या नावावर असेल तर पुण्याहून येणं आलंच! नवीन सिमवर पहिले 24 तास एसएमएस बंद असतात, म्हणून ओटीपी आला नाही तर घाबरू नका. त्या दिवशी रोख आणि वही. दुकानातला क्यूआर खात्याला जोडलेला असतो आणि बहुतेक साउंडबॉक्समध्ये स्वतःचं सिम असतं, त्यामुळे पैसे जमा होत राहतात.

पाच, 'संचार साथी' पोर्टलवर जुना फोन ब्लॉक करा. मे 2023 पासून ही सोय देशभर आहे. त्यासाठी आयएमईआय नंबर आणि पोलीस नोंदीची प्रत लागते, ओटीपी नवीन सिमवर येतो. आयएमईआय फोनच्या खोक्यावर असतो. खोकं जपून ठेवा!

आता तुम्ही म्हणाल, "सर, बाबा पिन विसरतात, कुणी फसवलं तर?" भीती खरी आहे. पण त्यावर उपाय ताबा घेणं नाही, मर्यादा घालणं आहे. दुकानाच्या खात्यात रोजच्या फिरतीपुरतेच पैसे ठेवा, बचत दुसऱ्या खात्यात. ते खातं यूपीआयला जोडूच नका. व्हॉट्सअॅपला टू-स्टेप पिन लावा. आणि एक वाक्य घोकून घ्या: पैसे घ्यायला पिन लागत नाही. कुणी "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणाला की फोन ठेवायचा.

राहिली उधारी. ती फक्त फोनमध्ये असेल तर फोनबरोबर ती पण गेली. रोज रात्री दुकान वाढवताना वहीत उतरवायची सवय लावा.

नवीन फोन आला की शेजारी बसा, पण बटणं बाबांनाच दाबू द्या. जीमेल त्यांचं, नंबर त्यांचा, पिन त्यांनाच माहीत. दोन तास जास्त जातील, जाऊ द्या. दुकान बाबांचं आहे, तर गल्ल्याची किल्लीही बाबांकडेच हवी. फोन ही आजची किल्ली आहे.

आजचं काम एकच. बाबांना फोन लावा, स्टार हॅश झिरो सिक्स हॅश दाबायला सांगा, आणि येणारा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगा. फोन हातात आहे तोवरच हे जमतं.